‘येते’ म्हणू नये असं गाव

तुकोगंज

मी नोकरी सोडली हे आईच्या आधी दिलमानला कळलं. इंदूरच्या तुकोगंजातल्या आमच्या ऑफिसच्या इमारतीचा तो चौकीदार. भरदुपारी टेबलावरची मनीप्लांटची बाटली हातात घेऊन मी गेटबाहेर पडताना त्याने पाहिलं आणि विचारलं, मैडमजी, छुट्टी? मी म्हटलं, हो, पर पक्की वाली. त्याने बाटली माझ्या हातातून घेतली आणि रिक्षा मिळेपर्यंत धरून उभा राहिला. पुढे काही विचारलं नाही, कारण मी कुठे जाणार ते त्याला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. मी त्याच्याच गावाला निघाले होते.

दिलमान थापा नेपाळातल्या पाल्पा जिल्ह्याचा. गाव भालेडाँडा. घरी बायको पवित्रा, म्हातारी आई आणि चौथीतली मुलगी सुस्मिता. मुलीचे बोललेले मेसेज तो मला फोनवर ऐकवायचा. भरभर, हसत, मधेच कोंबडीला हाकलत बोलणारी मुलगी. एकदा मी सहज म्हटलं, तिला लिहून पाठवायला सांग ना. तो म्हणाला, ‘बोलती बहुत है मैडमजी, पर किताब सामने आते ही चुप हो जाती है. चौथी में है.’

ते ‘चुप’ मला ओळखीचं होतं. मी इंदूरजवळच्या हातोदची. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते असं घरात सांगतात, पण वडील मंडीत धान्य तोलायचे आणि आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं. घरात मराठी, गल्लीत माळवी आणि शाळेच्या पुस्तकात भलतीच शुद्ध हिंदी. तिसरीपर्यंत मला वाटायचं की वाचता येणं हे काही घरांतच असतं, जशी काही घरांत जीप असते. मग एक बाई आल्या. त्यांनी पुस्तक मिटून ठेवलं, मला जवळ बसवून माझ्याच बोलीतली गोष्ट सांगितली, ती पाटीवर लिहिली आणि म्हणाल्या, आता बघ, हे तूच बोललीस. तेवढ्यावर माझं सगळं पुढचं आयुष्य उभं आहे. कॉलेज, कंपनी, पगार, आईच्या घराची पक्की गच्ची.

आई मात्र म्हणत होती, ‘अगं, इथं हातोदला काय बच्चे कमी आहेत का? परदेसात कशाला मरायला जातेस?’ इथल्या मुलांसाठी मागणारी निदान दहा तोंडं आहेत. त्या मुलीसाठी माझ्याकडे मागणारा एकच माणूस होता, आणि तो रोज मला गेट उघडून देत होता. वडील असते तर त्यांनी काय म्हटलं असतं, याचा विचार मी मुद्दाम केला नाही.

सीमा आणि तानसेन

गोरखपूरपर्यंतच्या रेल्वेचं सांगण्यासारखं काही नाही. सुनौलीची सीमा म्हणजे रस्त्यावरची एक कमान. अलीकडे समोसे, पलीकडे समोसे. आपल्या माणसाला व्हिसा लागत नाही, फक्त घड्याळ पाव तास पुढे करावं लागतं. मी ते केलं आणि उगाच वाटलं की इंदूर पाव तासाने मागे राहिलं. पुढे महिनाभर मी घड्याळ बघितलं की मनात पाव तास वजा करायची. आई आत्ता दूध तापवत असेल, आत्ता वहिनी पोह्यांना फोडणी देत असेल.

बुटवल सोडलं की रस्ता डोंगरात शिरतो आणि माळव्याच्या सपाटीवर वाढलेला माणूस सीटची कड धरून बसतो. आमच्याकडे नजर लांब जाते आणि गव्हाच्या शेतांपलीकडे थकून थांबते. इथे ती वर जाते. तानसेनला उतरले तेव्हा बाजारातल्या दगडी गल्ल्या इतक्या उताराच्या होत्या की पिशवी आपोआप पुढे धावत होती. एका खाणावळीत चुकाउनी खाल्ली. उकडलेला बटाटा, घट्ट दही, हळद-मेथीची फोडणी. आपली दह्यातली कोशिंबीर, पण पोट भरेल एवढी. मी पिशवीतली इंदुरी सेव काढून वर भुरभुरली. खाणावळवालीने चिमूटभर मागून घेतली, चावली, डोळे पुसले आणि मला विचारलं की तुमच्या गावात सगळ्यांचं पोट ठीक असतं ना.

तानसेनहून जीपने भालेडाँडा. डाँडा म्हणजे डोंगराची धार. गाव त्या धारेवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखं पसरलेलं आहे. संत्र्यांचे दिवस होते. प्रत्येक अंगणात एक तरी झाड पिवळ्या-केशरी फळांनी वाकलेलं. सगळीकडे बायका, म्हातारी माणसं आणि मुलं दिसत होती. पुरुष जवळजवळ नाहीतच. कुणाचा कतारला, कुणाचा मलेशियाला, कुणाचा दिल्लीला, आणि एकीचा इंदूरला.

भालेडाँडा

पवित्राचं आणि माझं बोलणं टीव्हीवरच्या मालिकांतून शिकलेल्या तिच्या हिंदीत चालायचं. पहिल्या सकाळी मी ओसरीवर कुडकुडत उभी होते. ती अंगणातल्या चटईकडे बोट करून म्हणाली, घाममा बस्नुस्. मी दचकले. एवढ्या थंडीत घामात कसं बसायचं? मी कपाळ पुसून दाखवलं, घाम नाही म्हटलं. तिने आभाळाकडे बघितलं, लख्ख ऊन होतं, मग माझ्याकडे बघितलं. घाम म्हणजे त्यांच्याकडे ऊन. लिपी एक, भात एक, पाणी एक, त्यामुळे मला वाटत होतं की ही भाषा मला अर्धी येतेच. असं वाटणाऱ्या माणसाइतकं परदेशात दुसरं कुणी फसत नसेल.

सुस्मिता बापाने सांगितली होती तशीच निघाली. तिने मला कोंबड्या दाखवल्या, बकरीची पिल्लं दाखवली, शाळेतल्या कोणत्या मुलीशी तिचं सध्या बोलणं बंद आहे ते सांगितलं. पुस्तक काढलं तशी ती पाणी आणायला गेली. घरात आजीशी ती मगर या त्यांच्या जमातीच्या भाषेत बोले, अंगणात नेपाळी बोले, आणि पुस्तकातली नेपाळी तिला माझ्या शाळेतल्या त्या हिंदीसारखी परकी असावी. मला मुलांसाठी एक खोली हवी होती. तिथे त्यांच्याच तोंडच्या गोष्टी लिहून त्यांनाच वाचायला द्यायच्या. शाळेला अडथळा नाही, परीक्षा नाही. तानसेनचे एक निवृत्त शिक्षक त्यासाठी संस्था नोंदवायचे कागद बघायला तयार होते, पण ते म्हणाले, आधी जागा मिळू दे. गावात रिकामी अशी एकच खोली होती, दूध जमा करण्याच्या जागेच्या वर. ती आमा समूहाची, म्हणजे गावातल्या आयांच्या मंडळाची. ती मिळाली तर माझ्या नोकरी सोडण्याला काही अर्थ होता. नाही मिळाली तर मी एक महिना संत्री खाऊन परत आलेली बाई होते.

समूहाच्या अध्यक्षा धनमाया. पन्नाशीच्या पुढची, नाकात मोठी चमकी, बोलणं कमी. ती म्हणाली, आधी घराघरात जाऊन बायकांना भेट, मग बैठक घेऊ. मी तेच केलं. आठवडाभर रोज दोन-तीन घरं. लोकांनी इतक्या प्रेमाने बसवलं की मला आपलीच लाज वाटायची. कुठे मक्याचं ढिँडो, म्हणजे आपल्या घट्ट पिठल्यासारखं ताटात वाढलेलं, गोळा मोडून गुन्द्रुकच्या, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याच्या, आंबट रश्श्यात बुडवून न चावता गिळायचं. मी चावायची आणि पोरं हसायची. कुठे भाजलेली भटमास, म्हणजे सोयाबीन, कुठे नुसती संत्री, मीठ-मिरची लावून. खाऊन, बोलून मी उठायची, हात जोडायची आणि पाठ केलेल्या माझ्या थोड्याशा नेपाळीत म्हणायची, ‘म आउँछु है.’ मी येते हं.

प्रत्येक घरी म्हटलं. कुठे म्हणाले, हुन्छ, बरं. कुठे बायका एकमेकींकडे बघायच्या. एका म्हातारीने विचारलं, कधी? मला वाटलं, प्रेमाने विचारतेय. मी म्हटलं, लवकरच.

आठवड्याच्या शेवटी पाणवठ्याकडे निघाले तर मुलं मागून ओरडायला लागली, आउँछु मिस, आउँछु मिस. मला वाटलं, चला, नाव पडलं म्हणजे आपण त्यांच्यातले झालो. हसत हसत हे पवित्राला सांगितलं. ती हसली नाही. मका सोलता सोलता तिने खाली मान घालून सगळं सांगितलं. त्या घरांनी मी येते म्हटल्यावर माझी वाट पाहिली होती. दोन घरांनी त्याच संध्याकाळी जेवण झाकून ठेवलं होतं. त्या म्हातारीने शेजारणीकडून अंडी आणवली होती. मी फिरकलेच नाही. दुसऱ्या दिवशी मी दुसऱ्याच कुणाकडे जाऊन तिथेही आउँछु म्हणून आले. गावात बोलणं असं होतं की ही इंडियाची बाई बोलायला गोड आहे, पण हिच्या तोंडाला दार नाही.

मला एकदम रडू आलं. मराठी माणसाशिवाय ही चूक दुसरं कोण करणार? उंबऱ्यावरून निघताना ‘जाते’ म्हणायचं नाही, हे मला कुणी शिकवल्याचं आठवतसुद्धा नाही. चालायला शिकवलं तसंच ते शिकवलं असेल. मी त्याचं शब्दाला शब्द नेपाळी केलं होतं.

आमा समूहाची बैठक

बैठक दूध जमा करण्याच्या जागेबाहेर, उन्हात झाली. त्यांच्या घामात. बायका ओळीने बसल्या, मांडीवर पोरं, हातात विणकाम. मी ठरवलेलं सगळं भाषण बाजूला ठेवलं आणि आधी ‘येते’बद्दल सांगितलं. पवित्रा जमेल तसं नेपाळीत सांगत गेली. आमच्यात घरातून निघणारा माणूस जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. जातो म्हणणं अशुभ. ‘गेला’ म्हणजे वारला. माझे वडील गेले, असं आम्ही म्हणतो. म्हणून मी प्रत्येक घरातून निघताना तसं म्हटलं. तो वायदा नव्हता, निरोप होता. ज्यांनी ताट झाकून ठेवलं त्यांची मी क्षमा मागते.

अंडी आणवलेल्या म्हातारीने काहीतरी म्हटलं आणि सगळ्या हसल्या. पवित्राने सांगितलं, ती म्हणतेय, अंडी वाया नाही गेली, मी खाल्ली. मलाही हसू आलं. वाटलं, सुटले.

पण धनमाया हसली नव्हती. ती हिंदीत बोलू लागली, सावकाश, मला सरळ कळावं म्हणून. लग्नानंतर काही वर्षं ती नवऱ्याबरोबर लखनौला राहिली होती, हे मला तेव्हा कळलं.

‘तुम्हारे यहाँ जो मरता है वो जाता है. हमारे यहाँ जो जीता है वो भी जाता है. और सब यही बोलकर जाता है, आउँछु. दसैँ में आउँछु. फोन पर भी यही. बच्चा लोग आँगन में बैठकर रास्ता देखता है. दसैँ निकल जाता है.’

एकीच्या सुया थांबल्या. पवित्राने हे नेपाळीत सांगितलं नाही, गरजच नव्हती. दसैँ, म्हणजे त्यांचा दसरा, होऊन महिना झाला होता आणि दिलमान यंदाही इंदूरलाच होता. तो दरवर्षी फोनवर काय म्हणतो, ते मी तुकोगंजच्या गेटवर उभी राहून कितीदा ऐकलं होतं. माझ्या कानाला तो साधा निरोप वाटायचा.

धनमाया पुढे म्हणाली की याआधीही लोक आले. बॅनर लावून फोटो काढले, पोरांना पेन्सिली दिल्या, आउँछु म्हणाले. खोली द्यायला समूहाची ना नाही. खोलीत लग्नकार्याला भाड्याने देतात ती मोठी भांडी आहेत, ती हलवायची नाहीत. आणि एक अट.

‘बच्चों के सामने आउँछु नहीं बोलना. जाना हो तो जान्छु बोलो. आओगी तो देख लेंगे.’

मी हो म्हटलं. इतकी सोपी अट मला कंपनीच्या कुठल्याही करारात मिळाली नव्हती, आणि इतकी अवघडही.

भांड्यांची खोली

भांडी म्हणजे काय चीज होती हे कुलूप उघडल्यावर कळलं. पन्नास माणसांचा भात शिजेल अशी तांब्याची खड्कुँलो, एकात एक बसवलेली, भिंतीला टेकवलेली. पोरांना बसायला मधली गल्ली तेवढी उरत होती. पहिल्या दिवशी वाचन कमी आणि घंटानाद जास्त झाला.

मुलं सांगत होती, मी लिहीत होते, माझं ऱ्हस्व-दीर्घ तानसेनचे गुरुजी येऊन सुधारत होते. बकरी हरवल्याची गोष्ट, भूत बघितल्याची गोष्ट, मामाने कतारहून आणलेल्या आणि कधीच न चाललेल्या पंख्याची गोष्ट. सुस्मिताने कोंबडीची सांगितली. लिहून तिच्यासमोर ठेवली, म्हटलं, हे तूच बोललीस. ती कागदाकडे बघत राहिली. इतर मुलं तिच्याकडे बघत होती. तिने कागद उचलला, कोपऱ्यातल्या सगळ्यात मोठ्या आडव्या भांड्यात डोकं घातलं आणि आतून वाचायला लागली. अडखळत, एकेक अक्षर, पण आवाज असा घुमून बाहेर येत होता की पोरं गप्पच झाली. तोंड दिसत नव्हतं म्हणून तिला लाज नव्हती. दुसऱ्या दिवसापासून भांड्यात वाचायला रांग लागली. मी आजवर शिकवण्याच्या पद्धतींवर जे काही वाचलंय, त्यात हे कुठे नाही.

त्या दिवसांत मला घरची आठवण सर्वात जास्त आली. त्याआधी धडपड होती. आता दुपारी पोरं गेल्यावर मी खोलीच्या दारात बसायची आणि नुसतं वाटायचं की आत्ता कुणीतरी मराठीतून रागवावं. इंदूरच्या छप्पन दुकानाची गर्दी नको, सराफ्यातली जलेबी नको, आईने ‘किती गं उशीर’ म्हटलेलं एकदा ऐकू यावं. फोनवर ती तसं म्हणत नाही, फोनवर ती चांगली वागते. आणि गंमत अशी की त्याच वेळी समोरच्या डोंगरावरचं ऊन सरकताना बघून मनात यायचं, की हे सोडून जायचंय.

निघायच्या दिवशी मुलं जीपपर्यंत आली. गळ्यात शेवंतीच्या माळा घातल्या. सगळ्यांसमोर मी म्हटलं, म जान्छु. आयुष्यात पहिल्यांदा मी हे कुणाला म्हटलं आणि जीभ अक्षरशः जड झाली. पाठीमागून लगेच नवं नाव आलं, जान्छु मिस, जान्छु मिस. सुस्मिता ओरडत नव्हती. तिने फक्त विचारलं, ती लिहिलेली कोंबडी इथेच ठेवणार ना? मी म्हटलं, इथेच. धनमाया लांब उभी होती. तिने हात हलवला नाही, पण जीप वळेपर्यंत ती तिथून गेलीही नाही.

परत इंदूर, परत हातोद

तुकोगंजात दिलमान गेटवर होता. मी त्याला संत्र्यांची पिशवी दिली आणि सुस्मिताचं फोनवर रेकॉर्ड केलेलं वाचन ऐकवलं. फोन त्याने दोन्ही हातांनी कानाशी धरला. ‘ये कुएँ में से बोल रही है क्या?’ म्हणाला. मी भांड्याचं सांगितलं. त्याने पुन्हा ऐकलं. मग गाडी आली म्हणून त्याने गेट उघडलं, बंद केलं, परत आला आणि विचारलं, मैडमजी, घर में धूप अभी किधर तक आता है? मी सांगितलं, ओसरीच्या खांबापर्यंत, चटई तिथेच टाकतात. तो म्हणाला, हाँ, पूस में उधर ही तक आता है. बैठकीत काय बोलणं झालं ते मी त्याला सांगितलं नाही. त्याने आपणहून म्हटलं की येत्या दसैँला नक्की. मी नुसती मान हलवली.

तेव्हापासून मी हातोदला आहे. संस्थेचे कागद झालेत, पुढल्या आठवड्यात मी पुन्हा भालेडाँड्याला निघणार. इथल्या ओसरीत बसले की मला तिथलं ऊन हवंसं वाटतं, आणि हे आईला सांगायची सोय नाही.

परवा गुरुजींनी गोष्टी लिहायला मागवलेला कोरा कागद घ्यायला इंदूरला निघाले होते. कृष्णपुऱ्याजवळच्या छापखान्यात काम होतं, संध्याकाळपर्यंत परतणार होते. चप्पल घालता घालता तोंडातून निघून गेलं, ‘जाते गं आई.’

वहिनीचा हात कणकेत थांबला. आई उठली, तांब्या-भांडं घेऊन आली, मला चप्पल काढायला लावून आत बसवलं आणि पाणी दिलं. मी पीत असताना समोर बसून राहिली. मग विचारलं,

‘तिकडे असंच म्हणतात?’

‘हो.’

‘आणि तरी त्यांची माणसं परत येतात?’

‘कुणी येतात. कुणी नाही येत.’

‘म्हणजे अपनेसारखंच,’ आई म्हणाली. भांडं माझ्या हातातून घेऊन तिने उगाचच पदराने पुसलं. ‘तिथं ते म्हणतात तसं म्हण बेटा. बरोबरच आहे त्यांचं. पण इथून निघताना येतेच म्हणायचं. झूठ निघालं तरी चालेल मला.’

मी उठले, चप्पल घातली आणि येते म्हणाले.

‘ये,’ ती म्हणाली.